तो तरवड नव्हता

आमच्या विभागात सात लोखंडी कपाटं आहेत आणि त्यांत दोन हजार तीनशे सोळा वाळवलेल्या वनस्पती आहेत, एका कागदावर एक अशा. आकडा मी स्वतः मोजलेला आहे. दरवर्षी मोजतो. हे आधी सांगतो, कारण पुढं जे घडलं त्यात हे मोजणंच आडवं आलं.

मी अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागाचा प्रयोगशाळा सहायक आहे. नोकरीला एकोणतीस वर्षं झाली, अजून पाच उरली आहेत. लोक मला सर म्हणतात. मी सर नाही, बी.एस्सी. पास क्लास आहे आणि माझं काम उपकरणं धुणं, स्लाइड तयार ठेवणं आणि ही कपाटं सांभाळणं एवढंच आहे. पण सर म्हणणाऱ्याला मी कधी दुरुस्त केलं नाही. तेही या हकिगतीत धरायला हवं.

कपाटातलं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. झाडाची फांदी आणायची, फूल आणि शेंग असेल तर उत्तम. वर्तमानपत्राच्या घडीत ती नीट पसरायची, एक पान उलटं ठेवायचं म्हणजे पाठ दिसते. अशा पंधरा-वीस घड्या दोन लाकडी जाळ्यांमध्ये पट्ट्यांनी करकचून आवळायच्या. पहिले चार दिवस रोज कागद बदलायचा, पुढं एक दिवसाआड, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. एक दिवस चुकलं की पान काळं पडतं नाहीतर बुरशी धरतं. माझी बायको म्हणते की तिच्या संसारात रद्दीचा एक कागद कधी उरला नाही, आणि ते खरं आहे. वाळलेली फांदी जाड कागदावर डिंकानं चिकटवून दोऱ्यानं शिवायची आणि उजव्या कोपऱ्यात खाली लेबल लावायचं: झाडाचं नाव, कुठं सापडलं, कोणी आणलं, कोणी ओळखलं, तारीख.

यात एक नियम आहे आणि तो मी रुजू झालो त्या आठवड्यात मला शिकवला गेला. लेबलावरचं नाव चुकलेलं निघालं तरी जुनं लेबल काढायचं नाही, खोडायचं नाही. शेजारी एक छोटी चिठ्ठी डकवायची: बरोबर नाव, दुरुस्त करणाऱ्याची सही, तारीख. आमच्याकडं एका गवताच्या कागदावर अशा चार चिठ्ठ्या आहेत. चार शहाण्या माणसांनी त्या एका काडीला चार नावं दिली आणि चौघांच्याही सह्या तिथं आहेत. चूक कागदावर राहिली पाहिजे, म्हणजे पुढच्याला वाट कळते. विद्यार्थ्यांना हे मी दरवर्षी मोठ्या आवाजात सांगत आलो.

फांद्या घेऊन बाहेरचे लोकही येतात. एकदा नवीन बदलून आलेले एक फौजदार गोणीभर पाला घेऊन आले आणि हा गांजाच आहे असं मला लिहून द्या म्हणाले. मागं उभा असलेला त्यांचा हवालदार मान खाली घालून हसू दाबत होता, कारण तो जवळच्या केजचा होता आणि त्याला ठाऊक होतं. मी म्हणालो, साहेब, ही अंबाडी आहे, लसूण घालून भाजी करतात, भाकरीबरोबर चांगली लागते. फौजदारांनी मला विचारलं, तुमची खात्री आहे का. मी भिंग काढलं, देठ दाखवला, अंबाडीचं फूल कसं असतं ते पुस्तकात दाखवलं, वीस मिनिटं दिली. हवालदार जाताना पाला टेबलावर ठेवून गेला. आम्ही तो संध्याकाळी वाटून घेतला.

दुसरी गंमत विद्यार्थ्यांची. एकानं परीक्षेच्या संग्रहात कण्हेरीच्या फांदीवर जास्वंदीचं फूल फेविकॉलनं चिकटवून आणलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "दुर्मीळ". ते मी लांबून ओळखलं. अशा गोष्टींमुळं माणसाला वाटायला लागतं की आपला डोळा चुकत नाही.

आता तरवडाचं. बीड जिल्ह्यात तरवड माहीत नाही असा माणूस नाही. माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला, छातीएवढं झुडूप, पिवळी फुलं. नवरात्रात घटाला त्याच्या फुलांची माळ चढते. पूर्वी त्याच्या सालीनं कातडं कमवायचे. आणि अलीकडं गावोगाव असं पसरलं आहे की तरवडाच्या फुलापानांचा काढा घेतला की साखर उतरते. उतरते की नाही ते मला माहीत नाही. आम्ही झाडाचं नाव सांगतो, औषध सांगत नाही. हा दुसरा नियम. तो मी पाळला, आणि पुढं बरेच दिवस त्याच्याच आडोशाला उभा राहिलो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. विभागाची तपासणी यायची होती आणि मी कपाटं मोजत होतो. मोजताना मी कोणाशी बोलत नाही. चौथं कपाट संपत आलं होतं आणि अकराशे बेचाळीसवर होतो. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठीच्या आतली, डोक्यावरून पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. फाटकापाशी रशीदभाई फळांचा गाडा लावतात, त्यांनी तिला आत पाठवलं होतं, झाडपाल्यातले पक्के सर आत आहेत म्हणून. बाईचं नाव केशरबाई, नांदूरघाटच्या बाजूची, घरची मेंढरं. नवऱ्याला, अंकुशरावांना, साखरेच्या तपासणीसाठी दवाखान्यात आणलं होतं आणि ते रशीदभाईंच्या गाड्यापाशी बसले होते.

तिनं पिशवीतून फांदी काढली. नुसती पानं होती, फूल नव्हतं. म्हणाली, रस्ता रुंद केला तेव्हा आमच्याकडचे तरवड सगळे गेले, आता ओढ्याकाठी हा वाढलाय, तरवडच हाय ना सर, बघा.

मी पाहिलं. तरवडाची एक खूण अशी की पानाच्या देठाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी छोटी गोल पानं असतात. त्यावरूनच त्याच्या शास्त्रीय नावात कान आला आहे. या फांदीला कान होते. चांगले मोठे होते.

"तरवडच आहे," मी म्हणालो.

"पर याच्या कळ्या काळ्या हायती सर. फुलाचा तुरा बी उभा ऱ्हातो, समईवाणी."

"पावसानं काळ्या पडल्या असतील."

तिनं फांदीकडं पुन्हा पाहिलं. मग बरं म्हणाली. मी तिचं नाव, गाव विचारून घेतलं, कारण आलेली फांदी टाकायची नाही ही सवय. एक डहाळी ठेवून घेतली आणि जिभेवर धरून ठेवलेला अकराशे बेचाळीस पुढं अकराशे त्रेचाळीस केला. सगळं मिळून दोन मिनिटं गेली असतील. गांजा नसलेल्या अंबाडीला वीस दिली होती.

डहाळी मी रीतसर दाबली, वाळवली, शिवली. लेबल लिहिलं: तरवड, नांदूरघाट, ओढ्याकाठी, आणणार केशरबाई, ओळखणार म्हणून माझी सही. रजिस्टरमध्ये क्रमांक चढवला. तेवीसशे सोळावा कागद तोच, त्यानंतर नवा चढलेला नाही.

तीनेक आठवड्यांनी रशीदभाईंनी मला फाटकापाशी थांबवलं. म्हणाले, त्या मेंढरंवाल्या बाईचा मालक दवाखान्यात हाय, लई जुलाब न् उलट्या, अंगातलं पाणी पार आटलं, मूत्रपिंडावर आलंय म्हणतात. मी विचारलं, कशानं. ते म्हणाले, तरवडाचा काढा पीत होता म्हणं, डॉक्टर तर म्हणतात तरवडानं एवढं होत न्हाई.

मी परत विभागात गेलो, तो कागद काढला आणि भिंग घेऊन बसलो. तरवडाची दुसरी खूण अशी: पानाच्या मधल्या दांड्यावर पानोळ्या जोडीजोडीनं असतात आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक उभी गाठ असते. खसखशीच्या दाण्याहून मोठी नाही, पण प्रत्येक जोडीत असतेच. विद्यार्थ्यांना मी शिकवत आलो की कान बघा आणि मग गाठी मोजा. मी मोजल्या. चौदा जोड्या होत्या. गाठी शून्य.

झाडाचं खरं नाव आमच्या विभागप्रमुख मॅडमनी सांगितलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. काळ्या कळ्या आणि समईसारखा तुरा म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, हा आफ्रिकेतला, तिकडं नदीकाठी, रस्त्याकडेला आपोआप वाढतो, आपल्याकडं लोकांनी कुंपणाला शोभेसाठी आणला आणि तो बाहेर पडला. तरवडाचाच भाऊबंद, शेंगांच्या कुळातला. सेन्ना डिडिमोबोट्रिया. नावाचा अर्थ जोडीजोडीनं तुरे असणारा. त्या कळ्यांवर काळपट टोपणासारखी पानं असतात, म्हणून त्या काळ्या दिसतात. पावसाचा काही संबंध नाही. तिकडचे लोक पोट साफ व्हायला त्याचा पाला थोडा थोडा वापरतात, पण प्रमाण चुकलं तर माणूस जातो असंही पुस्तकात आहे. तो ओढ्याकाठी कसा आला तेही पुढं कळलं. वरच्या अंगाला कोणाचं तरी शेतघर होतं, त्यांच्या कुंपणाची छाटणी ओढ्यात टाकली जायची.

त्या दुपारी मी काय केलं ते लिहायलाच हा लेख आहे. मी जुनं लेबल पाण्यानं भिजवून काढलं. फाडलं आणि बेसिनमध्ये टाकलं. मग नवीन लेबल लिहिलं, तीच शाई, तीच तारीख, बरोबर नाव. कागद असा दिसायला लागला की हे झाड आफ्रिकेतलं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रजिस्टरमध्ये खाडाखोड करायचं धाडस झालं नाही, तिथं तरवडच राहिलं.

दोन दिवसांनी मॅडम कपाटापाशी उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात तो कागद होता, दुसऱ्या हातात रजिस्टर.

"काळे, जुनं लेबल कुठंय?"

"खराब झालं होतं मॅडम. बुरशी."

त्यांनी कागद जागेवर ठेवला आणि वर्गावर गेल्या. माझ्या हाताखालच्या कागदाला सत्तावीस वर्षांत बुरशी लागलेली नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

तरीही मी गप्पच राहिलो असतो. स्वतःला समजावण्याची माझी तयारी पूर्ण होती: मी नाव सांगितलं, काढा कर म्हणालो नाही, फूल आणलं नव्हतं, माणूस वाचतो आहे. अंकुशराव खरंच वाचले. बारा दिवसांनी घरी गेले. पण रशीदभाईंनी एका सकाळी मला पेरू तोलून देता देता सांगितलं की गावात वेगळंच चाललं आहे. डॉक्टर म्हणाले ना तरवडानं असं होत नाही. मग दिरानं धरलं की काढ्यात बाईनंच काहीतरी घातलं. नवऱ्याशी पटत नव्हतं, मेंढरं तिच्या नावावर करून मागत होती, असं काय काय. ती घरात आहे पण तिच्या हातचं कोणी पाणी घेत नाही. नवऱ्याचं जेवण जाऊ करते.

"सर, तुमीच सांगितलंतं न तरवड म्हणून?" रशीदभाईंनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग तुमी कावून जात न्हाई?"

त्यांनी पेरूची पिशवी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. पेरू त्यांनी तोलले होते पण पैसे मागितले नाहीत, आणि मलाही ते द्यायचं सुचलं नाही.

मी त्यानंतर सहा दिवस गेलो नाही. तीन दिवस प्रॅक्टिकल होतं, हे खरं आहे. उरलेल्या तीन दिवसांचं कारण नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की घरातल्या बाईवर असं आलं म्हणजे काय होतं हे तुम्हाला कळणार नाही, उद्याची गाडी किती वाजता आहे ते बघा.

एसटीनं केज, तिथून माणशी भाड्याच्या वडाप जीपनं नांदूरघाट, पुढं दीड किलोमीटर पायी. संग्रहातला कागद बाहेर न्यायचा नसतो. मी तो कार्डबोर्डमध्ये बांधून काखेत घेतला होता, सोबत खऱ्या तरवडाची ताजी फांदी. घरापुढं लिंबाखाली अंकुशराव बाजेवर होते, दीर दावणीपाशी दोर वळत होता, जाऊ धान्य निवडत बसली होती. केशरबाई लांब, वाघुरीपाशी. मेंढरं रात्री कोंडायला लावतात त्या जाळीची एक बाजू ती विणत होती. मला पाहून तिनं पदर पुढं घेतला आणि उठली नाही.

मी बाजेवर दोन फांद्या शेजारी शेजारी ठेवल्या, भिंग दिराच्या हातात दिलं आणि गाठ दाखवली. एकीत आहे, दुसरीत नाही. मग सांगितलं की ही दुसरी म्हणजे ओढ्याकाठची, ती तरवड नाही, ती पोटाला घातक आहे, आणि ती तरवड आहे असं मी यांना सांगितलं. यांनी विचारायचं तेवढं विचारलं होतं. मी नीट पाहिलं नाही.

दिरानं भिंगातून दोन्ही फांद्या पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या, बायकोलाही दाखवल्या. मग म्हणाला, "म्हंजी हिनं घातलं न्हाई. तुमी घातलं."

"हो," मी म्हणालो.

"सरकारी पगार घेऊन?"

तो भावाकडं वळला. "शिकल्याली माणसं अशी चुकाया लागली तर आपुन इचारायचं कुणाला बे?"

अंकुशराव हातानं त्याला गप बस म्हणाले. आवाज अजून बसलेला होता. "तरवड काय न् आफ्रिका काय," ते मला म्हणाले, "पोटाला कुठं कळतंय सर. बसा, पाणी घ्या."

जाऊ पाणी आणायला उठली. अंकुशराव म्हणाले, तू ऱ्हाऊ दे, केशर आणील. दीर दोराकडं बघत राहिला. केशरबाई आली, तिनं मला तांब्या दिला, मग नवऱ्याला दिला. अंकुशराव प्याले. मग तिनं तांब्या दिरापुढं धरला. त्यानं तो घेतला, पण प्याला नाही, बाजूला ठेवला. थोड्या वेळानं, मी दुसरीकडं बघत असताना, प्याला असावा. तांब्या रिकामा दिसला.

निघताना मी केशरबाईला म्हणालो, ते झाड मला जागेवर दाखवा, फुलासकट फांदी घ्यायची आहे. ती ओढ्याकडं पुढं चालली, मी मागं. तिनं हाताशी आलेली सगळी झुडपं कधीच उपटून टाकली होती. पलीकडच्या काठाला दोन राहिली होती, माझ्या डोक्याहून उंच, उभे पिवळे तुरे, टोकाला काळ्या कळ्या. तिनं एक पान तोडलं, तळहातावर चुरगाळलं आणि हात माझ्या नाकापुढं धरला.

ज्वारीच्या लाह्या भाजताना येतो तसा खमंग वास होता.

"तरवडाला असा वास न्हाई येत," ती म्हणाली. "मेंढरं बी याला तोंड लावीत न्हाईत. आमाला तवाच वाटलंतं."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"कळ्याचं सांगितलंतं की. तुमी म्हणला पावसानं. मग वासाचं कावून सांगू?"

तिनं हे रागानं म्हटलं नाही. हात ओढ्याच्या पाण्यात धुतला, दोनदा धुतला.

मी फांदी तोडून कागदात घेतली. तिला म्हणालो, संग्रहातल्या त्या कागदावर आता दुरुस्तीची चिठ्ठी लागेल, आणि हे झाड खरं तुम्ही ओळखलं, मी नाही; ओळखणार म्हणून तुमचं नाव लिहितो. अशी पद्धत आहे. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. खरं सांगायचं तर मला बरं वाटेल असं वाटलं होतं.

"नगं सर," ती म्हणाली. "माझं नाव नका घालू. लोकांनी ठेवलंय तेवढं पुरं हाय."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं, बेसिनमधल्या लेबलासकट. त्यांनी मला जुनं लेबल जसंच्या तसं पुन्हा लिहून डकवायला लावलं, चुकीच्या नावासह, आणि त्याखाली एका ओळीत ते मी नष्ट केलं होतं असंही. मग शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी. तेवीसशे सोळावा कागद कोणीही बघू शकतो, कपाट क्रमांक सहा, वरून तिसरा खण. चूक करणारा मी, चूक लपवणारा मी, आणि ज्यानं झाड बरोबर ओळखलं त्याच्या जागीही नाव माझंच आहे.